केमिकल सांडलंय? आधी फोन खाली ठेवा

रात्री साडेबाराला खिडकीतून सडक्या कोबीचा वास येतो, घसा खवखवायला लागतो, बाहेर डोकावलं तर नाल्यावर फेस चढलेला आणि मॅनहोलशी एक टँकर लाइट बंद करून उभा, क्लीनर तोंडाला गमछा बांधून एका हाताने जाड पाइप आणि दुसऱ्या हाताने मोबाइलचा टॉर्च धरून बसलाय. अशा वेळी बऱ्याच जणांना तक्रार करायची हुक्की येते. नवीन फ्लॅट घेतलेल्यांना जास्तच. पण डोंबिवलीत एमआयडीसीच्या शेजारी राहिलेल्या माणसाचं ऐका, घाई करू नका.

घाई कायद्यालाच नाहीये तर तुम्हाला कशाला? घातक रसायनांचे १९८९ चे नियम आहेत, त्यात मोठा अपघात झाला तर कंपनीवाल्याने ४८ तासांच्या आत कळवायचं असं लिहिलंय. मग सविस्तर अहवाल, तोही गरज पडल्यास हप्त्याहप्त्याने दिला तरी चालतो (हे मी नाही म्हणत, नियमच म्हणतो). ज्याच्या घरचा वायू आहे त्याला दोन दिवस आणि तुम्ही दोन मिनिटांत फोन लावणार, बरं दिसतं का ते?

टँकरचं थोडं वेगळं आहे. तिथे ड्रायव्हरने तत्काळ जवळच्या पोलीस स्टेशनला कळवायचं असतं, आणि ड्रायव्हर खरंच तत्काळ निघतो, फक्त पोलीस स्टेशनच्या विरुद्ध दिशेने.

काही उत्साही लोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत नाल्याचं पाणी भरून पुरावा म्हणून फ्रीजमध्ये ठेवतात. कृपा करून नको, एकतर पोरं पितील आणि दुसरं म्हणजे त्याला कोर्टात काडीची किंमत नाही. १९७४ च्या पाणी कायद्यात कलम २१ आहे, नमुना प्रदूषण मंडळाच्या माणसाने घ्यायचा, घेतानाच कंपनीवाल्याला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, सील लावायचं, दोघांच्या सह्या घ्यायच्या. म्हणजे साहेब येईपर्यंत त्या पाण्याने तिथेच थांबायचं. आता पाणी वाहतं यात साहेबांची काय चूक?

तरी फोन करायचाच असेल तर आधी हद्द ठरवा. केमिकल रस्त्यावर आहे, गटारात आहे, नाल्यात आहे, का हवेत आहे? रस्ता एकाचा, गटार दुसऱ्याचं, गटार जिथे नाल्याला मिळतं तिथून पुढे तिसऱ्याचं, कंपनीच्या गेटच्या आत औद्योगिक सुरक्षावाले आणि गेटच्या बाहेर कोणीच नाही. पहिल्या ऑफिसात फोन उचलणारा मनुष्य अत्यंत सभ्यपणे विचारतो, "वास कसला येतोय?" आपण म्हणायचं सडक्या कोबीसारखा. "मग कोबी नाही ना तिथे?" इथे चिडायचं नाही, तो रात्रपाळीला एकटाच असतो. शनिवार-रविवारला लागून सुट्टी आली असेल तर वास जरा जास्त येतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहितीये, पण सुट्टीच्या दिवशी ते सिद्ध कोण करणार.

खरी गोम रंगात आहे. तुमचं केमिकल रंगीत असेल तरच तक्रारीत अर्थ. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, लगेच बातमी. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात कासाडी नदीच्या बाजूची भटकी कुत्री निळी झाली, जगभर फोटो गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये आमचा रस्ता गुलाबी झाला तर मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः बघायला आले! बिनरंगाच्या वायूसाठी आलंय का कधी कोणी? त्याला आपली माणसंच आडवी व्हावी लागतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनीत रात्रीतून केमिकल ओतलं, शेकडो लोक हॉस्पिटलात गेले, तेव्हा कुठे वालधुनी ही नदी आहे हे बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं. हवेतल्या असल्याच वायूने तुमच्या देवघरातलं चांदीचं निरांजन घासून आठवडा झाला नाही तोच परत काळं पडतंय ना, त्याचा फोटो काढून काय करणार, बघणारा म्हणेल वहिनी घासत नाहीत.

त्यामुळे अर्ज लिहिताना "श्वास घ्यायला त्रास होतो" वगैरे रडगाणं नको, "पाणी जांभळं झालं असून सेल्फीसाठी गर्दी होत आहे" असं लिहा.

शिक्षेची काळजी तर करूच नका, कोणाच्या पोटावर पाय येत नाही. पर्यावरण संरक्षण कायद्यात आधी ५ वर्षांपर्यंत कैद होती, ती २०२३ च्या कायद्याने काढून दंड ठेवला, १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत. त्या कायद्याचं नाव जनविश्वास. १ एप्रिल २०२४ पासून हा बदल लागू झाला आणि २३ मे ला डोंबिवलीत पुन्हा स्फोट झाला. पुन्हा म्हणजे २६ मे २०१६ च्या प्रोबेस कंपनीतल्या स्फोटानंतर, त्यात १२ माणसं गेली होती. तेव्हापासून मे महिना आला की आम्ही काचांना चिकटपट्ट्या लावतो आणि कंपन्या हलवायची घोषणा ऐकतो, दोन्ही पावसाळ्यात निघून येतात.

आता एवढं सांगूनही तुमचा हात ११२ कडे जाणारच असेल तर निदान धड सांगा. टँकरच्या मागच्या पाटीवर चार आकडी नंबर असतो, तो सांगा. १८३० सल्फ्युरिक अॅसिड, १७८९ हायड्रोक्लोरिक, १०१७ क्लोरीन. वाचायला जवळ जायचं नाही, मोबाइलचा झूम कशाला दिलाय. वारा कुठून कुठे आहे ते सांगा आणि स्वतः वाऱ्याला आडवं निघा, क्लोरीन हवेपेक्षा जड असतो म्हणून खाली बेसमेंटमध्ये लपायला जाऊ नका, वर जा. आणि सोसायटीतले एक काका बादली घेऊन पळत येतातच, त्यांना धरून ठेवा, अॅसिडवर पाणी मारलं की ते उसळून काकांच्याच अंगावर येतं.

फोन झाला की तक्रार क्रमांक मागून घ्या. दोन-तीन दिवसांत मेसेज येईल, "आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे, कृपया सेवेला रेटिंग द्या." नाकावरचा रुमाल एका हाताने तसाच धरायचा आणि दुसऱ्या हाताने पाच स्टार दाबायचे, चार दिले की कारण विचारतात.