घरातली डॉल्बी

कोल्हापुरात ‘डॉल्बी’ या शब्दाचा सिनेमाच्या ध्वनितंत्राशी फारसा संबंध उरलेला नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली आणि दोन्ही बाजूंच्या घरांच्या तावदानांना थरथरवत जाणारी स्पीकरची भिंत म्हणजे डॉल्बी, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्यामुळे मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात डॉल्बीचे होम थिएटर येणार, असे मी जाहीर केले तेव्हा आईने पहिली शंका काढली ती ही, की ट्रॉली बोळात शिरणार कशी.

आला तो बारा इंची सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारी स्पीकरची पेटी. जोडणीला आलेल्या तरुणाने ती पेटी टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ढकलली, “कोपऱ्यात घुमतोय बघा साहेब, नाद खुळा,” अशी ग्वाही दिली आणि चहा पिऊन तो निघून गेला. घुमत होते, यात शंका नव्हती. स्वयंपाकघरातली भांडी घुमत होती, देवघरातली घंटा आपण होऊन किणकिणत होती. फक्त ज्या सोफ्यावर बसून ऐकण्यासाठी मी हा खर्च केला होता, तिथे पडद्यावर अख्खा पूल उडाला तरी शेजारच्या खोलीत कुणी उशी झटकल्यासारखे वाटत होते.

आमची खोली १४ फूट लांब आहे. ४० हर्ट्झच्या, म्हणजे अगदी खर्जातल्या, ध्वनीची लहर साधारण २८ फुटांची असते, म्हणजे तिचा बरोबर अर्धा भाग समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये बसतो. मग भिंतींपाशी ध्वनीचा दाब, म्हणजे ऐकू येणारा खर्ज, सर्वाधिक आणि मधोमध जवळजवळ शून्य. पंख्याचा वारा मधोमध मिळतो, म्हणून सोफाही मधोमध. मी आवाज वाढवत होतो, म्हणजे वस्तुतः शून्याला गुणत होतो. अखेर वाऱ्यावर पाणी सोडून सोफा अडीच फूट मागे सरकवला.

आता पेटीची जागा ठरवायची होती. ध्वनीचा येण्याचा आणि जाण्याचा रस्ता सारखाच असतो, म्हणून जाणकार मंडळी सबवूफरच सोफ्यावर ठेवतात, एक खर्जातला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतात आणि स्वतः भिंतीकडेने रांगत जिथे तो नीट, न घुमता ऐकू येईल ती जागा पेटीसाठी निवडतात. पेटी सोफ्यावर लोडाला टेकून विराजमान आणि मी पंचेचाळिसाव्या वर्षी तिच्यासमोर, कान जमिनीपासून फूटभर अंतरावर ठेवून, रांगत असलेला, अशा अवस्थेत आई अंबाबाईच्या देवळातून भजनी मंडळातल्या तिघीजणींना घेऊन आली. “नवस कशाचा हो?” असे त्यातल्या एकीने हलक्या आवाजात विचारले. “डॉल्बीचा,” आई म्हणाली आणि त्यांना आत घेऊन गेली.

सर्वोत्तम जागा निघाली ती दाराशेजारची, पायताणे ठेवण्याची. पायताणे कुठे गेली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवला. फेजचे, म्हणजे सबवूफरची लहर बाकीच्या स्पीकरांशी जुळवण्याचे, बटण ० वर आणि १८० वर फिरवून सौभाग्यवतींचे मत घेतले, तर दोन्ही वेळा “सारखंच आहे” असा निकाल मिळाला. उरले शेवटचे मोजमाप: होम थिएटरचे यंत्र प्रत्येक स्पीकरचा आवाज ऐकून त्याचे सोफ्यापासूनचे अंतर मोजते. त्यासाठी बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर मायक्रोफोन ठेवून घरात पूर्ण शांतता राखावी लागते, आणि दिवसा ती पहिल्यांदा कुकरने, दुसऱ्यांदा भंगारवाल्याने मोडली. म्हणून रात्री अकराचा मुहूर्त धरला.

यंत्राने सगळे स्पीकर अचूक मोजले आणि सात फुटांवरच्या सबवूफरचे अंतर लिहिले २२ फूट. ही चूक नव्हे. सबवूफरच्या पोटातल्या विद्युतमंडलात आवाज किंचित रेंगाळतो, यंत्र तो उशीर मोजते आणि फुटांत सांगते. तो आकडा बदलायचा नसतो. हे मी सौभाग्यवतींना समजावत होतो, तेवढ्यात पलीकडचे काका बनियनवर दारात उभे राहिले.

“आमच्या ओट्याखाली काहीतरी वाजतंय.”

“काका, पेटी इथे आहे,” असे म्हणून मी पुराव्यादाखल त्यांना पडद्याजवळ नेले. काकांनी आकडा वाचला, सोफ्यापासून पावलाला पाऊल जोडत सामाईक भिंतीपर्यंत गेले आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाले, “इथवर सहा. पुढं आमच्यात सोळा. म्हणजे गॅसखालीच की! मी दुसरं काय म्हणतोय?”