फोकस गेला, भरीतही गेलं

हिवाळा लागला की मळ्यात भरीत पार्टी, आणि दर पार्टीला माझी तीच फजिती. डीएसएलआर कॅमेरा घेताना दुकानदाराने बॅग फुकट दिली, कार्ड दिलं. पण व्हिडिओत ऑटोफोकस असा सैरभैर होतो, हे सांगायला काय जात होतं त्याचं? तुराट्यांवर बामणोदची वांगी भाजताहेत, अन् हा धुरातून उठून मागच्या केळीच्या पानावर जाऊन बसतो! मॅन्युअल करावं तर उन्हात स्क्रीनच दिसत नाही. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर शटर 1/50 सेकंद उघडा ठेवायचा म्हणे. ठेवला. उन्हाचा उजेड इतका शिरला की सगळं पांढरंफटक. मग अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड घेणारं भोक, एफ 22 पर्यंत अगदी बारीक आवळलं, तर सेन्सरवरची धूळ आभाळभर काळे ठिपके होऊन उमटली. यावर एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढची उजेड कमी करणारी काळी काच, लागतो हे कळलं, तेव्हा खिसा रिकामा. आवाजाचं तर बोलूच नका. नानांच्या गप्पांपेक्षा लेन्सच्या मोटरची घरघर जास्त.

तेवढ्यात नाना, तोंडात घास, हातात मोबाइल: “काय भो, इतके पैसे घातले, याच्यात बघ कसं चकाचक येतं!”

दर वर्षी. अगदी हेच वाक्य.

बरं, कॅमेरा बॅगेत भरेस्तोवर भरीत फस्त. माझ्या वाट्याला कळण्याची गार पुरी अन् कांद्याची पात.