मेडिकलला जायचंय म्हणून बायोलॉजीच घ्यायचं?

इकडे अमेरिकेत मुलांची हायस्कूल संपत आली की आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज दरवर्षी नव्याने फिरायला लागतो. यंदा तो मला चार जणांनी पाठवला. त्यातल्या एका ताईंनी खाली लिहिलं होतं, "तू कॉलेजात शिकवतेस ना, हे खरं आहे का गं? आमच्या लेकाचं कॉलेज प्रवेशाचं डिपॉझिट भरायचंय." त्यांना फोनवर उत्तर दिलं, पण मेसेज काही थांबत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मेसेज थोडक्यात असा आहे: "मुलाला डॉक्टर करायचं असेल तर कॉलेजात मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, बायोलॉजीच घ्या. दुसरा विषय असेल तर मेडिकल स्कूल अर्जच बघत नाही. सगळे डॉक्टर बायोलॉजीतूनच आलेले असतात. बायोलॉजी नसेल तर एमकॅट जमत नाही, आणि जमली तरी मेडिकलच्या पहिल्या वर्षी मूल मागे पडतं. शिवाय मेडिकल नाहीच मिळालं तर बायोलॉजीची डिग्री तरी हातात राहते."

मी न्यू जर्सीतल्या एका कॉलेजात गेली सोळा वर्षं ऑर्गॅनिक केमिस्ट्रीची लॅब घेते. डॉक्टर व्हायला निघालेलं जवळजवळ प्रत्येक मूल या लॅबमधून जातं. त्यामुळे हा मेसेज मी नुसता वाचत नाही, त्याचे परिणाम दर सेमिस्टरला माझ्यासमोर ॲप्रन घालून उभे असतात.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. इथे सहसा बारावीनंतर थेट मेडिकल नसतं. आधी चार वर्षांची बॅचलर्स डिग्री, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल, मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घ्यायचं प्रशिक्षण. मेडिकल स्कूलला अर्ज करताना डिग्रीचे मार्क म्हणजे जीपीए, एमकॅट ही प्रवेश परीक्षा, शिफारसपत्रं, हॉस्पिटलात किंवा समाजात केलेलं काम आणि मुलाखत, एवढं सगळं बघतात.

आता पहिला दावा. "दुसरा विषय असेल तर अर्जच बघत नाहीत."

हे साफ चूक आहे. मेडिकल स्कूल मेजर मागत नाही, ठरावीक कोर्स मागतं. शाळेगणिक यादी थोडी बदलते, पण बहुतेक ठिकाणी लॅबसकट एक वर्ष बायोलॉजी, एक वर्ष जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक केमिस्ट्री, एक वर्ष फिजिक्स, बायोकेमिस्ट्री, आणि बरेचदा इंग्रजी व स्टॅटिस्टिक्स. हे कोर्स इतिहास घेतलेल्या मुलानेही करायचे आणि बायोलॉजी घेतलेल्यानेही. ते झाले की डिग्रीवर संगीत लिहिलंय की अर्थशास्त्र, यावरून कुणी फाइल बाजूला ठेवत नाही. "प्री-मेड" (मेडिकलची पूर्वतयारी) नावाची डिग्रीही बहुतेक कॉलेजांत नसते. तो फक्त मार्ग आहे, कुठल्याही मेजरच्या बरोबरीने चालायचा.

ही समजूत येते कुठून, तेही मला माहीत आहे, कारण मी स्वतः त्याच वाटेने आले. आपल्याकडे अकरावीलाच पीसीएम की पीसीबी ठरवायचं. बायोलॉजी सोडलं की मेडिकलचा विषय संपला, असं आपण पंधराव्या-सोळाव्या वर्षी ऐकलं आणि ते हाडीमाशी भिनलं. तिथे ते खरंच होतं. पण तिथला नियम इथल्या मुलाला लावला की गाडं भलतीकडेच जातं.

हॅरोल्ड वार्मस यांचं उदाहरण घ्या. ॲम्हर्स्ट कॉलेजात त्यांचा विषय इंग्रजी साहित्य. पुढे हार्वर्डला त्याच विषयात एमए. मग कोलंबिया युनिव्हर्सिटीतून १९६६ मध्ये एमडी, आणि १९८९ मध्ये कॅन्सरच्या जनुकांवरच्या संशोधनासाठी नोबेल. आपल्या जवळचं नाव हवं असेल तर सर्जन आणि लेखक अतुल गावंडे. वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. अतुल यांनी स्टॅनफर्डला बायोलॉजी घेतलं हे खरं, पण त्याच्या जोडीला राज्यशास्त्र घेतलं, आणि नंतर ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान, राजकारण, अर्थशास्त्र शिकून आले. हार्वर्डच्या मेडिकलमध्ये याने त्यांचं काही अडलं नाही.

"सगळे डॉक्टर बायोलॉजीतूनच आलेले असतात."

सगळे नाहीत, पण निम्म्याहून जास्त नक्की. त्याचं कारण सोपं आहे: अर्ज करणाऱ्यांतच निम्म्याहून जास्त बायोलॉजीचे असतात. दादरला उतरणारे बहुतेक जण लोकलने आलेले असतात, म्हणून बसने दादरला पोचता येत नाही असं आपण म्हणत नाही. बघायचं ते हे, की अर्ज केलेल्यांपैकी किती जणांना प्रवेश मिळाला. मेडिकल कॉलेजांची संघटना दरवर्षी मेजरप्रमाणे तक्ता प्रसिद्ध करते. एकूण अर्जदार पन्नास हजारांच्या वर, जागा साधारण तेवीस हजार. त्यात बायोलॉजीवाल्यांचं प्रवेशाचं प्रमाण ४० टक्क्यांच्या थोडं वर असतं आणि ह्युमॅनिटीजवाल्यांचं (साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान वगैरे) ५० टक्क्यांच्या आसपास. फिजिक्स-केमिस्ट्री आणि गणितवाल्यांचंही बायोलॉजीपेक्षा कमी नसतं.

याचा अर्थ मुलाला जबरदस्तीने तत्त्वज्ञान घ्यायला लावा, असाही नाही. तत्त्वज्ञान घेऊन शिवाय ऑर्गॅनिक करणारी मुलं मुळातच थोडी, आणि ती पक्क्या इराद्याची असतात. त्यांचा आकडा चढा दिसण्यात त्याचा वाटा मोठा आहे. तक्त्यावरून एवढंच निघतं की बायोलॉजी घेतल्याने पारडं जड होत नाही.

"एमकॅट जमत नाही."

एमकॅटचे चार भाग असतात, प्रत्येकाला ११८ ते १३२ मार्क, एकूण ४७२ ते ५२८. एक भाग बायोलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीचा. दुसरा केमिस्ट्री आणि फिजिक्सचा. तिसरा मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा, जो २०१५ पासून आला. चौथ्यात नव्वद मिनिटांत त्रेपन्न प्रश्न, आणि उतारे सगळे साहित्य, कला, इतिहास, समाजशास्त्र असल्या विषयांतले. त्यात पाठांतराचं काही नसतं. अनोळखी उतारा वाचायचा आणि लेखक नेमकं काय म्हणतोय, कुठे घसरतोय, हे पकडायचं. माझ्याकडची हुशार, सायन्समध्ये अव्वल मुलं याच भागात रडकुंडीला येतात, आणि तो शेवटच्या दोन महिन्यांत क्लास लावून वर येत नाही. वर्षानुवर्षं जड मजकूर वाचलेल्या मुलाचा तिथे हात बसलेला असतो. कॅनडातली मॅकमास्टर युनिव्हर्सिटी तर एमकॅटचा नेमका हाच एक भाग विचारात घेते आणि ठरावीक सायन्स कोर्सची अटही घालत नाही.

"पहिल्या वर्षी मूल मागे पडतं."

यावर नुसत्या मतांची गरज नाही, प्रयोग झालेला आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलने १९८७ मध्ये साहित्य-समाजशास्त्राच्या मुलांसाठी वेगळी वाट काढली. ऑर्गॅनिक नाही, फिजिक्स नाही, कॅल्क्युलस नाही, एमकॅटसुद्धा नाही. २०१० मध्ये तिथल्याच म्युलर आणि केस या दोन डॉक्टरांनी निकाल छापला. अशा वाटेने आलेल्या ८५ मुलांची नेहमीच्या वाटेने आलेल्या ६०६ जणांशी तुलना केली होती. स्टेप वन या डॉक्टरकीच्या लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत ८५ जणांची सरासरी थोडी कमी होती, २२७ च्या जागी २२१. पण हॉस्पिटलातल्या कामात, पेशंटसमोर, ती मागे पडली नाहीत. आणि ही मुलं सायन्सचे बहुतेक कोर्स न करता गेली होती. आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ती तर सगळे कोर्स करून जाणार आहेत. स्टेप वनही २०२२ पासून नुसती पास-नापास झाली आहे.

माझ्या अनुभवातलं थोडं कबूल करते. बायोलॉजी मेजरवाल्याला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आधीच ओळखीचं असतं, त्यामुळे पहिले काही आठवडे त्याला सोपे जातात, हे परत भेटायला येणारी मुलं सांगतात. मग सगळे एकाच पाण्यात.

आता ज्या मुलीमुळे मी हे सगळं मनावर घेतलं, तिच्याबद्दल. नाव नको, आणि ती आता कुठे आहे तेही नको.

लॅबच्या तिसऱ्या आठवड्यात एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे मिश्रणातून हवा तो पदार्थ वेगळा काढणं, होतं. सेपरेटरी फनेलमध्ये, म्हणजे खाली तोटी असलेल्या काचेच्या भांड्यात, ईथर आणि पाण्याचं मिश्रण घालायचं, बूच दाबून उलटं करायचं, हलवायचं आणि मधून मधून तोटी उघडून वाफ सोडायची. पहिल्यांदा ती शूं करून सुटते तेव्हा अर्धा वर्ग दचकतो. ही दचकली नाही. ती शांतपणे काम करायची आणि संपल्यावर सगळ्या टेबलांवर फिरून प्रत्येक जोडीला किती टक्के पदार्थ मिळाला ते विचारून यायची. तिच्या वहीत मागच्या पानावर तिने चोवीस आकडे मांडले होते, सरासरी काढली होती, आणि एका कोपऱ्यात लिहिलं होतं की खिडकीजवळच्या टेबलांना सारखं कमी का मिळतं. मी तोवर इतकी वर्षं तीच लॅब घेत होते, मला ते कधी दिसलं नव्हतं. खिडकीजवळचा वजनकाटा बिघडलेला होता.

या मुलीला स्टॅटिस्टिक्स घ्यायचं होतं. घरच्यांनी हाच मेसेज दाखवून बायोलॉजी घ्यायला लावलं. बायोलॉजी मेजर म्हटलं की मेडिकलला लागणाऱ्या कोर्सच्या वर आणखी सात-आठ कोर्स येतात: इकॉलॉजी, वनस्पतींची रचना, उत्क्रांती. सुंदर विषय आहेत, पण तिला त्यात रस नव्हता. मार्क सी आणि सी प्लस.

इथे एक गोष्ट बहुतेक पालकांना माहीत नसते. अर्ज ज्या यंत्रणेतून जातो ती बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित या चार विषयांचा वेगळा सायन्स जीपीए काढते. मेडिकलने न मागितलेल्या वनस्पतींच्या कोर्समधला सी त्यात मोजला जातो. कोर्स परत केला तरी दोन्ही वेळचे मार्क धरतात. आणि स्टॅटिस्टिक्स गणितात मोडतं, म्हणजे तिच्या आवडीच्या विषयातले ए तिचा हाच सायन्स जीपीए वर नेणार होते. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ४ पैकी ३.७ च्या वर असतो. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ती माझ्याकडे ट्रान्सक्रिप्ट घेऊन आली, तेव्हा तो कागद बघून मला काही सुचेना. डॉक्टर व्हायची तिची इच्छा खरी होती. जे सुरक्षित म्हणून तिच्या गळ्यात घातलं, त्यानेच तिचं नुकसान केलं.

"बायोलॉजीची डिग्री तरी हातात राहते."

अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना त्या वर्षी प्रवेश मिळत नाही. त्यामुळे मेडिकल नाही मिळालं तर पुढे काय, हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि मेसेज लिहिणाऱ्याने तो विचारला हे चांगलंच केलं. उत्तर मात्र चुकलं. नुसत्या बायोलॉजीच्या बॅचलर्सवर सहसा लॅब टेक्निशियनची किंवा रिसर्च असिस्टंटची नोकरी मिळते, पगार बेताचा, पुढे जायला मास्टर्स लागतं. कसलं लायसन्स त्यातून मिळत नाही. इतिहासाची डिग्रीही नोकरीची हमी देत नाही, हेही तितकंच खरं. स्टॅटिस्टिक्स, कॉम्प्युटर सायन्स, इंजिनियरिंग, अकाउंटिंग यांचं तसं नाही. नर्सिंगची डिग्री घेऊन परीक्षा दिली की आरएनचं, म्हणजे नोंदणीकृत नर्सचं, लायसन्स मिळतं. तेव्हा प्रश्न असा विचारा: बाविसाव्या वर्षी मेडिकलचा विचार बदलला, तर या मेजरवर माझं मूल पोट भरेल का, आणि तोच अभ्यास त्याला करावासा वाटेल का? ज्या मुलाला बायोलॉजी मनापासून आवडतं त्याने ते जरूर घ्यावं. माझी निम्मी आवडती मुलं बायोलॉजीचीच आहेत.

डिग्री झाल्यावर विचार बदलला, तरी वाट आहे. ब्रिन मॉर आणि जॉन्स हॉपकिन्ससारख्या ठिकाणी सायन्स न केलेल्यांसाठी खास कार्यक्रम आहेत, त्यात हे सगळे कोर्स वर्ष-सव्वा वर्षात होतात. खर्च बराच येतो.

शेवटी, जे खरोखर दार बंद करतं ते या मेसेजमध्ये कुठेच नाही, आणि आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांना ते लागू आहे. ते म्हणजे व्हिसा. बरीच मेडिकल स्कूलं, विशेषतः राज्य सरकारची, नागरिक किंवा ग्रीन कार्ड असलेल्यांचेच अर्ज घेतात. एच-फोरवरचं, म्हणजे आई किंवा वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेलं, मूल एकवीस वर्षांचं झालं की तो दर्जा संपतो, आणि भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. एफ-वनवरच्या, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या, मुलाला सरकारी कर्ज मिळत नाही, आणि काही शाळा त्याच्याकडून पुढच्या अनेक वर्षांची फी आधीच बाजूला ठेवून मागतात. भारतात बीएस्सी करून इथे एमडीला येऊ असं म्हणणाऱ्यांनीही हे बघावं, की बहुतेक शाळांना अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या कॉलेजात केलेले कोर्स लागतात. भारतात एमबीबीएस करून स्टेपच्या परीक्षा देऊन रेसिडेन्सीला येणं हा वेगळा रस्ता आहे, आणि तिकडून येणाऱ्यांचा तोच नेहमीचा.

कोणती शाळा कोणाचे अर्ज घेते, कोणते कोर्स मागते, हे मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमसार या यादीत शाळेच्या नावापुढे दिलेलं असतं. डिपॉझिट भरण्याआधी मुलाला शेजारी बसवून त्यातल्या दहा शाळा बघा. त्या ताईंनी बघितल्या. लेक एच-फोरवर आहे, एकोणीसचा व्हायला चार महिने आहेत. मेजरचा विषय त्या दिवशी निघालाच नाही, आधी वकिलाला फोन लावला.