गवत कापायची गाडी

"वजन किती तुझं?"

डॉक्टरांनी विचारलं असतं तर दोन-चार किलो कमी सांगून मोकळा झालो असतो. पण विचारलं ते गवत कापायच्या यंत्रांच्या दुकानात, कॉफीच्या मशीनशेजारी खुर्ची टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्यानं. तो दुकानाचा मालक नव्हता, नोकर नव्हता, आणि गिऱ्हाईक तर मुळीच नव्हता. शनिवारी तिथं कॉफी फुकट मिळते, एवढाच त्याचा त्या दुकानाशी संबंध. तरी त्या दिवशी माझी उलटतपासणी त्यानंच घेतली, आणि शेजारी पगारी सेल्समन उभा असताना घेतली.

मी तिथं कशाला गेलो ते उरकून टाकतो. अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराबाहेर घर घेतलं तेव्हा घराबरोबर एकरभर हिरवळ गळ्यात पडली. जुनं ढकलायचं यंत्र ऐन मे महिन्यात मेलं. ओहायोतल्या मे महिन्यात गवताला दुसरं काही काम नसतं. लगेच वसाहतीच्या समितीचं पत्र आलं की तुमचं गवत आठ इंचांच्या वर गेलं आहे, कापा, नाहीतर दंड. सोबत पुरावा म्हणून फोटो. फोटोत गवत आणि गवतात उभी धरलेली पट्टी. म्हणजे कोणीतरी पट्टी घेऊन माझ्या अंगणात ओणवं झालं होतं. दारावर टकटक केली असती तर मी चहा दिला असता.

शेजारी म्हणाले, झीरो-टर्न घे, आणि घेशील ते टिकाऊ घे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: या गाडीला स्टिअरिंग नसतं. दोन मांड्यांवर दोन दांडे येतात, आणि मागच्या प्रत्येक चाकाला आपापला हायड्रॉलिक पंप असतो. एक दांडा पुढे, दुसरा मागे केला की गाडी जागच्या जागी गर्रकन फिरते. 1960च्या दशकात कॅन्ससमधल्या शेतकरी मंडळींनी हा प्रकार नावारूपाला आणला. घरगुती गाडी तीन ते पाच-सहा हजार डॉलरला, धंदेवाल्यांची दहा हजारांच्या वर.

तर, वजन.

"माझं वजन कशाला हवंय?" मी विचारलं.

"सीटच्या खाली बटण असतंय. हलका माणूस बसला, अन् खड्ड्यात सीट उडाली, की इंजिन बंद. गाडीला वाटतंय वर कोणी न्हाईच." त्यानं मला वरून खाली पाहिलं. "तुझं काय व्हईल सांगता येत न्हाई."

शेतकरी माणूस, आयुष्य मका आणि सोयाबीनमध्ये गेलेलं. त्याला गोड बोलायची गरज कधी पडली नसावी. सेल्समन पोरगा माझ्याकडे बघून हसला आणि त्यानं हातातला कागद खाली ठेवला. आता चौकशी संपेपर्यंत आपलं काम नाही, हे त्याला रोजच्या सवयीनं कळत असावं.

"घरामागं कुंपण हाय?"

"आहे."

"मग फाटक असंल."

"आहे ना."

"रुंद किती?"

आता मला सांगा, स्वतःच्या फाटकाची रुंदी इंचात पाठ असलेला माणूस तुम्ही पाहिलाय का? मी दोन्ही हात पसरून 'साधारण एवढं' दाखवलं. आपल्याकडे माशापासून भांडणापर्यंत सगळं याच मापानं चालतं. म्हातारा उठला. खिशातून टेप काढला. एक टोक माझ्या डाव्या तळव्याला लावलं आणि दुसरं उजव्याला नेऊ लागला.

"हात हलवू नको."

मी हलवला नाही. का नाही हलवला, हे मला अजून कळलेलं नाही. भर दुकानात मी हात पसरून उभा, आणि एक अनोळखी इसम माझ्या दोन तळव्यांमधली हवा मोजतोय. खत घ्यायला आलेलं एक जोडपं थांबून बघायला लागलं. बाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"चव्वेचाळीस," म्हातारा म्हणाला. "न्हाई जायची."

"काय नाही जायची?"

"गाडी. तू बघतुयास ती चोपन्न इंची. चोपन्न हे डेकचं, म्हंजी पात्यांवरच्या पत्र्याच्या झाकणाचं माप. बाजूला गवत फेकायचा पन्हाळा असतोय, तो खाली असला की सहासष्ट धर. उचलला तरी पंचावन्न-छप्पन. तुझं फाटक चव्वेचाळीस."

"ते फाटक नाही, ते माझे हात आहेत!"

"हात तूच दावलंस."

यावर उत्तर नव्हतं. मी बायकोला फोन केला. ती टेप घेऊन मागच्या अंगणात गेली, गवत गुडघ्याला लागतंय असं वाटेत सांगत गेली, आणि फाटक अठ्ठेचाळीस इंच निघालं. मी विजयी मुद्रेनं तसं जाहीर केलं. म्हातारा म्हणाला, "तरीबी न्हाई जायची," आणि कॉफी ओतून घ्यायला गेला.

तो परत आला तेव्हा डेकची पाळी होती. प्रत्येक गाडीखाली वाकून तो बोटाच्या पेरानं टकटक करत सुटला. "हा एका पत्र्याला ठोकून वाकवलेला. ह्यो तुकडं वेल्डिंग करून जोडलेला. दगड लागला की पयल्याला पोचा पडतोय, दुसरा नुसता आवाज करतोय." मग सेल्समनला म्हणाला, "गेज सांग ह्याला." पोरगा म्हणाला, हा तेरा, तो दहा. शाळेत मला तेरा दहापेक्षा मोठे असं शिकवलं होतं, पण पत्र्याच्या राज्यात आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. दहा गेज म्हणजे जवळजवळ साडेतीन मिलिमीटर, तेरा म्हणजे सव्वादोनच्या आसपास. हे कोणी ठरवलं त्याला माझ्या अंगणात पट्टी धरायला बसवलं पाहिजे.

पुढचे प्रश्न इंधनाचे. "पेट्रोल कुठलं घालणार? दहा टक्क्यांवर इथेनॉल असलं तर कार्बोरेटरचं वाटोळं." मग उतार. पंधरा अंशांच्या वर चढायचं नाही, गाडी उलटते. मग चाकामागची हायड्रॉलिक पेटी. स्वस्त गाडीत ती सीलबंद असते, तेल बदलायची सोयच नसते, आणि महाग गाडीत फिल्टर बाहेरून काढता येतो. "टिकाव बघायचा तर हितं बघायचा. इंजिन कुणाचंबी चालतंय. ही पेटी मेली की गाडी भंगारात." हे मात्र त्यानं खरं सांगितलं, आणि त्याचाच मला जास्त राग आहे. माणूस नुसता वेडा असता तर विसरून गेलो असतो.

मला खरं सांगायचंय ते वेगळंच. हे सगळं कशासाठी? उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या 2005 सालच्या एका अभ्यासात अमेरिकेतली हिरवळ सुमारे 1,63,000 चौरस किलोमीटर भरली होती. महाराष्ट्र 3,07,713 चौरस किलोमीटर. म्हणजे निम्म्याहून अधिक महाराष्ट्र भरेल एवढं गवत हे लोक लावतात, त्याला खत घालतात, पाणी देतात, आणि ते वाढलं की वाढलं म्हणून दंड करतात. माझ्या वडिलांनी सांगलीकडे चाळीस गुंठ्यांत आयुष्यभर ऊस काढला. त्यांना मी फोनवर माझ्या चाळीस गुंठ्यांचं सांगितलं. "कापल्यावर घालता कुणाला?" त्यांनी विचारलं. कुणालाच नाही, तिथंच टाकतो, असं म्हटल्यावर ते पावसाचं बोलायला लागले.

आणि सोय नाही असंही नाही. पहिल्या महायुद्धात अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्या सोडल्या होत्या. गवत कापायची माणसं वाचली, वर लोकरीचा लिलाव करून रेड क्रॉसला पन्नास हजार डॉलरच्या वर रक्कम मिळाली. मी समितीला ईमेल करून विचारलं, दोन शेळ्या चालतील का? तासाभरात उत्तर आलं की पाळीव गुरं वसाहतीच्या नियमांत बसत नाहीत. पत्रातला फोटो कोणी काढला हेही त्याच ईमेलमध्ये विचारलं होतं, त्याला अजून उत्तर नाही. अध्यक्षांच्या अंगणात जे चालतं ते आमच्या गल्लीत चालत नाही, कारण आमच्या गल्लीत घरांच्या किमती उतरतील. 1830 साली इंग्लंडात एडविन बडिंगनं लोकरी कापडावरची लव छाटणाऱ्या यंत्रावरून गवत कापायचं यंत्र काढलं. त्याच्या आधीही श्रीमंतांच्या हिरवळी होत्याच, पण त्या मेंढ्या आणि विळेवाले गडी राखायचे. यंत्र निघालं आणि गडी आम्ही झालो, तेही आपल्याच पैशानं.

असो. गाडी मी घेतली. दहा गेज, वेल्डिंगचा डेक, फिल्टर बाहेर, चोपन्न इंच. छोटा डेक मागितला तर म्हाताऱ्यानं "मग कात्रीच घे की" म्हटलं आणि त्या खतवाल्या बाई हसल्या. पैसे भरताना तो माझ्या शेजारीच उभा होता. सेल्समननं पावती चुकून त्याच्या हातात दिली. त्यानं ती वाचली, मान डोलावली, आणि मग मला दिली.

गाडी आली. फाटकातून गेली नाही. फाटक रुंद करायचं तर समितीची परवानगी लागते, अर्जासोबत नव्या फाटकाचं चित्र आणि रंगाचा नमुना द्यावा लागतो, आणि समिती महिन्यातून एकदा बसते. दंडाला मात्र बैठक लागत नाही. म्हणून मागचं अंगण कापायला वस्तीवर फिरणारा एक पोरगा बोलावला. तोही झीरो-टर्न घेऊन आला. डेकला वेल्डिंगची दोन-तीन ठिगळं, सीट चिकटपट्टीनं बांधलेली, गाडी किती तास चालली ते दाखवणारा काटा दोन हजारांच्या पुढे गेलेला. मी अगदी जाणकारासारखं विचारलं, "गेज किती रे?"

"गेज म्हणजे काय?" तो म्हणाला.

पुढचं अंगण त्यानं मला न विचारताच कापून टाकलं. ते मी सकाळीच माझ्या गाडीनं कापलं होतं. त्याचे पासष्ट डॉलर घेतले, आणि मागचं गवत तसंच ठेवून गेला. त्याचीही गाडी फाटकातून आत जात नाही.