माकूळ हसला म्हणून खेळ बिघडला का? ‘जुना भिडू’ यांना उत्तर

नमस्कार जुना भिडू,

उत्तराला चार दिवस लागले. माझ्या लेखावरच्या तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य स्वतः तपासून बघितल्याशिवाय तोंड उघडण्यात अर्थ नव्हता. ते कोणतं, ते पुढे येईलच.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. ‘स्पेस इनव्हेडर्स’ हा नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा, रांगेने खाली उतरणारे एलियन टिपायचा जुना खेळ. तो झेडएक्स स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरवर नव्याने करताना मी एलियनांना बटाट्याएवढे डोळे आणि दात काढून खेळाची बालवाडी करून टाकली. मूळ खेळ काळा-पांढरा होता, रंग ही माझी भेसळ. लेखातल्या व्हिडिओत दिसतं ते खऱ्या स्पेक्ट्रमवर चालणारच नाही, ती इम्युलेटरची, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमची करामत. आणि शेवटी, “छातीत जी धडधड व्हायची ती होत नाही.”

मशीनचं आधी उरकतो. व्हिडिओ माझ्या ४८के (४८ किलोबाइट मेमरीच्या) स्पेक्ट्रमवर, जुन्या डब्बा टीव्हीवर घेतलाय. या मशीनवर खेळ कॅसेटच्या टेपवरच्या आवाजातून लोड होतात; मी तो आवाज मोबाइलमधून वाजवला. ती किर्रर्र ऐकून बायकोने दार लावून घेतलं, याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

आता रंग. १९७८ साली तैतो या जपानी कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी हा खेळ केला तेव्हा त्याचं सर्किट काळं-पांढरंच होतं, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण पुष्कळ मशिनांत पडद्यावर रंगीत पारदर्शक कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असत. रंग एलियनचा नव्हे, जागेचा. एलियन त्या पट्टीत उतरला की तो त्या रंगाचा व्हायचा.

स्पेक्ट्रमचा रंगही जागेचाच असतो, म्हणून तर मला हे सुचलं. त्याच्या पडद्यावर २५६ बाय १९२ ठिपके, पण रंगाचे खाने फक्त ३२ बाय २४. आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका खान्यात दोनच रंग, एक ‘शाईचा’ म्हणजे चित्राचा आणि एक ‘कागदाचा’ म्हणजे मागच्या पार्श्वभूमीचा. दोन वेगळ्या रंगांच्या वस्तू एका खान्यात आल्या की एकीचा रंग दुसरीला लागतो. या मशीनवर खेळलेल्या प्रत्येकाने ती फिसकट पाहिलीय. माझा एलियन २४ ठिपके रुंद आणि १६ उंच, म्हणजे खान्यांच्या दोन ओळी. मी वरच्या ओळीला पिवळा दिला, खालच्या ओळीला लाल, तोही पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग एलियन आडवा दोन-दोन ठिपके सरकला तरी रंग बिघडत नाही, आणि प्रत्येकाचं डोकं पिवळं, पाय लाल. कागदाच्या पट्ट्याच आहेत हो त्या, फक्त गोंद लागत नाही.

फौज एक पायरी खाली उतरते तेव्हा मात्र गंमत होते. एलियन एकेक करून उतरतात आणि पट्ट्या सगळ्यांत शेवटी सरकतात. तेवढा वेळ निम्म्या फौजेच्या पायांचा रंग डोक्याला लागलेला असतो. तुम्ही त्याला बग म्हणालात. बगच आहे, पण मला तो आवडतो, म्हणून राहू दिलाय.

कार्टूनबद्दल माझं मत ठाम आहे. मूळ चित्रं समुद्रातल्या प्राण्यांवरून काढलेली: माकूळ, खेकडा, ऑक्टोपस. सगळ्यात रुंद ऑक्टोपस बारा ठिपके रुंद आणि आठ उंच. एवढ्या जागेत आठ पाय मावत नाहीत. दोन डोळे ठेवायचे, पायांचा नुसता भास करायचा, बाकी सोडून द्यायचं. व्यंगचित्रकार दुसरं काय करतो? १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या खेळामध्ये मारिओला मिशी आणि टोपी का, तर तेवढ्या ठिपक्यांत तोंड आणि केस धड काढता येईनात म्हणून. तेव्हा मी कार्टून बाहेरून आणून चिकटवलेलं नाही. माझ्या माकुळाला जरा जास्त जागा मिळाली, म्हणून तो हसला.

राहिली धडधड. इथे मात्र तुम्ही मला पकडलंत.

मूळ मशीनमध्ये दोन मेगाहर्ट्झचा इंटेल ८०८० प्रोसेसर होता. पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, आणि एका फ्रेमला एकच एलियन हलायचा. एलियन ५५. म्हणजे अख्खी फौज एक पाऊल टाकायला एका सेकंदापेक्षा जरासा कमी वेळ लागायचा. पण तुम्ही एकेक टिपत गेलात की रांग छोटी होत जायची, आणि शेवटचा उरला की तो प्रत्येक फ्रेमला पळायचा. हा वाढता वेग निशिकादोंनी मुद्दाम बसवलेला नव्हता, मशीनच्या तोकडेपणातून तो आपोआप आला. त्यांनी तो तसाच ठेवला, आणि खेळाचा जीव नेमका त्यातच आहे.

मी काय केलं? २४ ठिपक्यांचे अकरा एलियन ओळीत बसवायचे तर २६४ ठिपके लागतात, पडदा २५६ चा. म्हणून आठ स्तंभ आणि पाच ओळी केल्या, चाळीस एलियन. ही तडजोड मला अजूनही मान्य आहे. पण एका फ्रेमला एकाऐवजी दोन एलियन हलवले, हा शुद्ध नटवेपणा होता. पाय कसे लुटुलुटु हलतात ते व्हिडिओत छान दिसावं एवढंच कारण. स्पेक्ट्रम सेकंदाला ५० फ्रेम दाखवतो, त्यामुळे पहिलं पाऊल ०.४ सेकंदातच पडायला लागलं. मूळ खेळात पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत वेग ५५ पट वाढतो, माझ्यात वीस पट. सुरुवातच घाईची असेल तर पुढे धडधड वाढणार कशी? तुम्ही बोट चित्रांकडे दाखवलंत, पण दुखत होतं ते इथे.

चार दिवस हेच तपासत होतो. आता एका फ्रेमला एकच एलियन हलतो. पहिलं पाऊल ०.८ सेकंदाचं, वाढ चाळीस पट. पाय पूर्वीइतके लुटुलुटु हलत नाहीत. न हलोत.

नवी फाइल मूळ लेखात जोडली आहे. तुमच्यासाठी त्यात एक कळही ठेवलीय. खेळताना ‘बी’ दाबा, म्हणजे रंगाच्या ७६८ खान्यांत ७१ हा आकडा (काळ्यावर पांढऱ्या रंगाचा कोड) भरला जातो आणि सगळं काळं-पांढरं होतं. हसू मात्र बंद करता येणार नाही. तिन्ही प्राण्यांची चित्रं मिळून १,५३६ बाइट झालीत, आणि बिनहसऱ्या दुसऱ्या संचासाठी मी जागा ठेवलेली नाही.