बाराटांगची टूर आरामाची नाही भाऊ

लेखात अंदमानातल्या बाराटांग बेटाची टूर 'एका दिवसात आरामात होते' लिहिलं, तेवढं सोडून बाकी मस्त. आम्ही यवतमाळकडचे, घरचे सगळे मिळून गेलो होतो, गाईडनं रात्री तीनलाच उठवलं, कारण जिरकाटांग चेकपोस्टवरून गाड्या ठरल्या टायमालाच काफिल्यानं सोडते, पुढचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाते, तिथं थांबायचं नाही, फोटो नाही, कोणाले खायला द्यायचं नाही, अन् ते बरोबरच आहे म्हणा, माणसं काही ताडोबातले वाघ नाहीत जिप्सीतून पाहायला. तरी आमच्या गाडीत एकजण मोबाईल काढूनच राहिला होता, ड्रायव्हरनं चांगलाच झापला.

मिडल स्ट्रेटच्या धक्क्यावर गाडीसकट फेरीवर चढा, मग स्पीडबोट, दोन्हीकडं खारफुटी, शेवटी खाडी इतकी अरुंद की फांद्या डोक्यावर येते, आई तर बोलणंच विसरली. पण जी पाहायची त्या चुनखडीच्या गुहेपर्यंत दीडेक किलोमीटर पायी, अन् ती दमट गरमी, त्यापेक्षा आपला मे महिना परवडला बा! चिखलाचा ज्वालामुखी नुसता नावाचा, बुडबुडे पाहून परत या. म्हातारी माणसं सोबत असतील तर नाश्ता-पाणी बांधून घ्या, अन् परतीच्या शेवटच्या काफिल्याचा टाइम गाईडले आधीच विचारा, तो चुकला की मुक्काम तिथंच.