लाईट गेल्यावरही सोलर चालू ठेवायला सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘सोलर बसवण्याआधी हे वाचाच, कंपन्या तुम्हाला सांगणार नाहीत’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर सध्या गावोगावच्या ग्रुपांवर फिरतोय. अकोल्याला माझ्या मामांकडेही तो पोचला. त्यांनी लगेच फिटरला फोन करून ‘काळे पॅनेल नकोत, निळे आणा’ असं सांगूनही टाकलं. मामी मध्ये पडली आणि तिने मला फोन केला, म्हणून ते काम थांबलं. मी आयटीआयमध्ये वीजतंत्री ट्रेड शिकवते. या विषयावर घरी आणि वर्गात इतक्यांदा बोलून झालंय की आता एकदाच लिहून ठेवते.

मजकुरात सात दावे आहेत. निळे पॉली (अनेक स्फटिकांच्या सिलिकॉनचे) पॅनेल आपल्या कडक उन्हासाठी आणि काळे मोनो (एकाच स्फटिकाच्या सिलिकॉनचे) थंड देशांसाठी असतात. डीसीआरच्या, म्हणजे भारतातच बनलेल्या पॅनेलच्या, भानगडीत पडू नका, सबसिडी व्हेंडर मिळवून देतो. कंपनी ‘टियर-वन’ यादीतली असेल तरच घ्या. बायफेशियल, म्हणजे दोन्ही बाजूंनी वीज बनवणारं पॅनेल, 30 टक्के जास्त वीज देतं. वॉरंटी 25 वर्षांची आहे, बिघडलं की नवीन मिळतं. वीजबिल कायमचं शून्य होतं. आणि शेवटचा: लाईट गेल्यावर सोलर बंद पडत असेल, तर घरचा जुना इन्व्हर्टर किंवा छोटा जनरेटर जोडून ते ‘जागं’ करता येतं.

सुरुवात शेवटच्यापासूनच करते, कारण यात माणूस मरू शकतो.

घरच्या सोलरला बसतो तो बहुतेक वेळा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर असतो, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करून बाहेरच्या लाईनशी जोडणारं यंत्र. त्याला बाहेरच्या लाईनचा दाब आणि वारंवारता मिळाली तरच तो चालतो. लाईट गेली की तो काही क्षणांत स्वतःहून थांबतो. हा त्याच्यातला दोष नाही, तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. लाईट गेली याचा अर्थ अनेकदा असा असतो की कोणीतरी वायरमनने डीपीवरून सप्लाय बंद केलाय आणि तो खांबावर चढून काम करतोय. लाईन मेली आहे असं धरून तो तारेला हात घालतो. अशा वेळी तुमच्या छतावरून वीज उलटी त्या तारेत गेली, तर काय होईल ते मला लिहायला लावू नका. तीच वीज डीपीतून उलट्या दिशेने गेली तर पलीकडे 230 व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात, कारण ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी चालतो.

जुना इन्व्हर्टर किंवा जनरेटर जोडला की सोलरच्या इन्व्हर्टरला वाटतं लाईन आली, आणि तो वीज ढकलायला लागतो. त्या वेळी मेन स्विच खाली केलेला नसेल, तर वरचा सगळा प्रकार घडायला वाट मोकळी. मेन खाली केला असला तरी घरात खपत नाही ती वीज जुन्या इन्व्हर्टरच्या आउटपुटमधूनच आत घुसते. त्याची रचना वीज बाहेर देण्याची असते, आत घेण्याची नसते. त्यात बोर्ड जळतो, बॅटरी नको तितकी चार्ज होऊन फुगते. वीज गेल्यावरही घर चालवायचं असेल तर त्याला सरळ मार्ग आहे: हायब्रिड इन्व्हर्टर (लाईन नसताना बॅटरीवर चालणारा), बॅटरी, आणि पंखे-दिवे-फ्रिजचं वेगळं सर्किट. खर्च वाढतो, आणि घरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत बॅटरीला वेगळं अनुदान नाही. ज्याला जमेल त्याने ते करावं. पण जुगाड नको. माझ्या वर्गातून बाहेर पडलेली मुलं आज त्या खांबांवर चढतात, आणि हा जुगाडाचा सल्ला कोणीतरी बिनधास्त पुढे ढकलतंय, याचा मला मनापासून राग आहे.

आता निळं आणि काळं. ‘ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, आणि पॉलीला उष्णता मानवते’ हे वाचून मामांना पटलं, कारण ऐकायला ते बरोबर वाटतं. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलवर छापलेले वॅट प्रयोगशाळेतले असतात: दर चौरस मीटरला 1000 वॅट प्रकाश आणि सेलचं (पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या पातळ चकत्यांचं) तापमान 25 अंश. अकोल्यात एप्रिलच्या दुपारी सेल 25 अंशांवर कधीच नसतो. हवा 42-43 अंशांवर गेली की काचेखालचा सेल सहज 65 च्या पुढे जातो.

याचं प्रात्यक्षिक मी वर्गात करून घेते. 540 वॅटचं मोनो पॅनेल अंगणात ठेवायचं आणि त्याच्या दोन तारांना मल्टिमीटर लावायचा. सकाळी पॅनेल गार असताना 46-47 व्होल्ट दिसतात. दुपारी एकला डोक्यावर ऊन असताना, प्रकाश कितीतरी वाढलेला असतानाही, आकडा 44 च्या आसपास उतरलेला असतो. पोरांना आधी वाटतं मीटर बिघडला. मग पॅनेलच्या मागच्या बाजूला हात लावायला सांगितलं की कळतं. करंट प्रकाशाबरोबर वाढतो, व्होल्ट उष्णतेने घटतात.

त्यामुळे पॅनेलची शक्ती किती घटते, ते प्रत्येक पॅनेलच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) लिहिलेलं असतं. शक्तीच्या तापमान गुणांकाची (टेम्परेचर कोएफिशियंट) ओळ शोधा. जुन्या पॉलीत दर अंशाला साधारण 0.40 टक्के घट असते, मोनोच्या पर्क या प्रकारात 0.35 च्या आसपास, टॉपकॉन या त्याहून नव्या प्रकारात 0.30 किंवा त्याहून थोडी कमी. 65 अंशांवर, म्हणजे 25 च्या वर 40 अंश गेल्यावर, पॉलीची 16 टक्के शक्ती जाते, पर्कची 14, टॉपकॉनची 12. म्हणजे उष्ण भागासाठी जे निवडायला सांगितलंय तेच उष्णतेत सगळ्यात जास्त मार खातं. दावा बरोबर उलटा आहे.

एवढं मात्र खरं की उन्हाळ्यात आपल्याकडे महिन्याची एकूण वीज जास्त मिळते. मार्च-एप्रिलमध्ये दिवस मोठा, आभाळ निरभ्र, त्यामुळे पावसाळ्याच्या मानाने युनिट चांगली पडतात. ती उष्णतेमुळे नाही, उष्णता असूनही पडतात.

शिवाय जागा. पॉलीचं 335 वॅटचं पॅनेल जवळजवळ दोन चौरस मीटरचं असतं, 540 वॅटचं मोनो अडीचच्या थोडं वर. 3 किलोवॅटला पॉलीची नऊ लागतात, मोनोची सहा. तीन पॅनेल जास्त म्हणजे स्ट्रक्चरचा पाईप जास्त, क्लॅम्प जास्त, गच्चीत पाडायची भोकं जास्त. मामांच्या गच्चीवर पाण्याची टाकी, जिन्याची खोली आणि मामीचं वाळवण वजा केलं तर नऊ पॅनेल सावलीबाहेर बसतच नाहीत. आणि केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने 2023 मध्ये मंजूर पॅनेलांच्या यादीसाठी किमान कार्यक्षमतेची (पडलेल्या प्रकाशातल्या किती भागाची वीज होते त्याची) अट घातली. छतावरच्या सिलिकॉन पॅनेलसाठी ती साडेएकोणीस टक्के आहे. पॉली 17 टक्क्यांच्या आसपास घुटमळतं. आज कोणी पॉली गळ्यात मारत असेल तर तो गोदामातला जुना माल खपवतोय, असंच मी समजते.

उष्णतेचा परिणाम त्या दिवसापुरताही नसतो. पवईच्या आयआयटी मुंबईतलं फोटोव्होल्टाइक संशोधन केंद्र आणि राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था यांनी मिळून 2013 पासून काही वर्षांच्या अंतराने देशभर फिरून बसवलेली पॅनेलं तपासली. या सर्वेक्षणांत उष्ण प्रदेशातली पॅनेलं थंड प्रदेशांतल्यांपेक्षा लवकर झिजलेली आढळली. आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: जमिनीवरच्या मोठ्या प्रकल्पांपेक्षा घराच्या छतावरची आणि छोटी कामं जास्त झिजली होती. नेण्या-आणण्यात आणि बसवण्यात होणारी हेळसांड, सेलला जाणारे तडे, ही त्यामागची कारणं पुढे आली. डोळ्यांना हे तडे दिसत नाहीत. त्या आख्ख्या फॉरवर्डमध्ये बसवण्याबद्दल एक अक्षर नाही.

डीसीआर. सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. तिचं अनुदान 2 किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला 30,000, तिसऱ्या किलोवॅटला 18,000, म्हणजे 3 किलोवॅट आणि पुढे जास्तीत जास्त 78,000 रुपये. यासाठी पॅनेल आणि त्यातला सेल, दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. डीसीआर म्हणजे तेच. डीसीआर पॅनेल महाग पडतं, हे मान्य. तेवढाच फरक डोळ्यांसमोर ठेवून लोक नॉन-डीसीआर घेतात आणि ‘व्हेंडर बघून घेईल’ म्हणतात. व्हेंडर काय बघून घेणार? अर्ज तुमच्या नावाचा, तपासणी तुमच्या छताची, आणि पैसे थेट तुमच्या बँक खात्यात येतात. कागद खोटे निघाले तर अडकणार तुम्हीच. दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवून अनुदान वजा करून बघा, दरातला फरक 78,000 च्या जवळपासही जात नाही. सबसिडी नकोच असेल तर नॉन-डीसीआर घ्यायला कोणाची ना नाही, पण ते समजून-उमजून घ्या.

पॅनेल खरंच डीसीआर आहे का, हे घरबसल्या बघता येतं. काचेच्या आत अनुक्रमांक आणि बारकोड असतो. पॅनेल वर चढवण्याआधी खाली भिंतीला टेकवलेली असतानाच प्रत्येकाचा फोटो काढा. बिलावर तेच क्रमांक लिहून घ्या, राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या डीसीआर पोर्टलवर पडताळा, आणि डीसीआर प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

टियर-वनबद्दल थोडक्यात. ही यादी ब्लूमबर्ग एनईएफ काढते आणि ती बँका त्या कंपनीच्या मालावर कर्ज द्यायला कितपत तयार आहेत यावर ठरते. ही दर्जाची कसोटी म्हणून वापरू नका, असं यादी काढणारेच स्वतः सांगतात. कंपनी उद्या टिकेल का, एवढा अंदाज त्यातून घ्यायला हरकत नाही. बाकी काही नाही.

बायफेशियलचा दावा अर्धा खरा आहे. मागच्या बाजूनेही ते वीज बनवतं, हे खरं. पण त्यासाठी मागे उजेड पोचायला हवा. गच्ची चुन्याने पांढरी किंवा चायना मोझॅकची असेल आणि स्ट्रक्चर चांगलं उंच असेल तर घराच्या छतावर 5 ते 10 टक्के धरा. पत्र्याला चिकटवून बसवलं तर मागे अंधार आणि फायदाही जवळपास शून्य. 30 चा आकडा घरासाठी विसरा.

वॉरंटी दोन असतात आणि फॉरवर्डवाल्याने त्यांची सरमिसळ केली आहे. पॅनेलमध्ये बनावटीचा दोष निघाला तर बदलून देण्याची वॉरंटी साधारण 10-12 वर्षांची असते. 25 किंवा 30 वर्षांची असते ती शक्तीची: पर्क असेल तर पहिल्या वर्षी 2 टक्के, मग दरवर्षी साधारण 0.55 टक्के घट कंपनीने आधीच गृहीत धरलेली असते, आणि 25 व्या वर्षी 84-85 टक्के शक्ती उरेल एवढंच तिचं आश्वासन. त्याखाली गेलं हे सिद्ध करणं तुमच्या गळ्यात. इन्व्हर्टरची वॉरंटी त्याहून कितीतरी कमी. तोच आधी जातो.

बिल शून्य होत नाही. नेट मीटर (घेतलेली आणि लाईनला परत दिलेली वीज मोजणारं) बसलं तरी स्थिर आकार लागतोच. वर्षभर साठलेली युनिटं 31 मार्चला संपली नाहीत तर त्यांना मिळणारा भाव आपण महावितरणला देतो त्यापेक्षा बराच कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा प्रकल्प बसवण्यात पैसा अडकतो. 1 किलोवॅट दिवसाला सरासरी 4 युनिटं देतं. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा, युनिटांची बेरीज करा आणि त्यावरून किलोवॅट ठरवा.

मामांना मी आता एवढंच सांगितलंय. तिन्ही कोटेशनवाल्यांकडून पॅनेलची डेटाशीट मागा आणि तीन ओळींवर खूण करा: तापमान गुणांक, पहिल्या वर्षाची घट, बनावटीची वॉरंटी. मंजूर यादीतल्या दोन चांगल्या पॅनेलांत फार मोठा फरक निघणार नाही, त्यात डोकं शिणवू नका. मग स्ट्रक्चरचं विचारा: गॅल्व्हनाइज्ड आहे का, पाय सिमेंटच्या ठोकळ्यात धरले आहेत का, उन्हाळी वावटळीत टिकेल का. दुपारी तीनला गच्चीवर स्वतः उभं राहून टाकीची सावली कुठे पडते ते बघा, आणि हिवाळ्यात ती आणखी लांब जाईल हे धरा. अर्थिंग पॅनेलचं वेगळं, आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचं (लायटनिंग अरेस्टर) वेगळं. आणि पॅनेल जिन्यातून नेताना डोक्यावर आडवं, हिंदकळत नेत असतील किंवा बसवताना त्यावर पाय देऊन कोणी चालत असेल, तर काम तिथेच थांबवा आणि ते पॅनेल बदलून मागा.